आधी नंबर, मंग रामराम

निवृत्तीनंतर माणसानं काय करावं याबद्दल आमच्या वाशिम जिल्ह्यात फारसे मतभेद नाहीत. सकाळी पारावर बसावं, दुपारी पेन्शनचा फरक कधी जमा होणार यावर बोलावं आणि रात्री ‘आमच्या वेळी’ या दोन शब्दांनी सुरू होणारं काहीतरी सांगावं. टेक्सासात मात्र काही नवरा-बायको निवृत्त झाले की राहतं घर विकून टाकतात, चाकं असलेलं घर, म्हणजे आरव्ही, घेतात आणि ते तेलाच्या विहिरीकडं जाणाऱ्या कच्च्या रस्त्याच्या फाटकावर नेऊन उभं करतात. मग येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर वहीत लिहीत बसतात. बारा तास तिनं, बारा तास त्यानं. याचे त्यांना पैसे मिळतात.

२००८ नंतर दक्षिण टेक्सासात ईगल फोर्ड नावाच्या खडकातून तेल आणि वायू काढायची एकच घाई सुटली. विहीर खोदणारी कंपनी एक, जमीन दुसऱ्याच कुणा रँचवाल्याची. पाण्याचे टँकर, वाळूचे ट्रक, पाइपांचे ट्रेलर दिवसरात्र चालू. फाटक उघडं राहिलं की रँचवाल्याची गुरं बाहेर आणि नको ती माणसं आत. म्हणजे चोवीस तास माणूस हवा. पण त्या आडरानात रोज ड्यूटीला येणार कोण? त्यावर उपाय असा, की माणसानं घरच घेऊन यावं. कंपनी जनरेटर देते, पाण्याची टाकी देते, सांडपाण्याची टाकी देते. रस्त्यावर आडवी रबरी नळी टाकलेली असते. तिच्यावरून चाक गेलं की घरात घंटा वाजते. रात्री तीनला वाजली तरी उठायचं, चमकणारं जाकीट चढवायचं, रॅटलस्नेक पायात नाही ना हे टॉर्चनं बघायचं आणि ड्रायव्हरला नाव-गाव विचारायचं.

ही सगळी माहिती माझ्या ह्यूस्टनच्या मावसभावाची. तो तेल कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. विहीर त्यानं अजून जवळून पाहिलेली नाही, पण निवृत्तीनंतर बायकोला घेऊन गेटवर राहायचं हे त्याचं पक्कं ठरलं आहे. मोकळं आभाळ, कमीत कमी सामान, स्वतःच्या मर्जीचं आयुष्य, असं बरंच काही तो फोनवर बोलला. फोन स्पीकरवर होता. शेजारी आमचे मामा बसले होते. त्यांनी खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला आणि विचारलं, “म्हंजे वाचमन ना?”

“मामा, वॉचमन नाही. गेट गार्ड. आरव्हीत राहून.”

“हाओ, तेच. गेट उघडते, गेट लावते, वही लिहिते. वाचमनच झाला ना बाप्पा थो.”

मामांना हे बोलायचा अधिकार होता. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते. उभी हयात फाटक उघडण्यात, फाटक लावण्यात आणि मधल्या वेळात घंटा वाजवण्यात गेली. शाळेतल्या शिपायाला पोरं मामाच म्हणतात, त्यामुळे आमचे मामा अख्ख्या गावाचे मामा. निवृत्त झाल्यावर पारावर बसून पाहिलं, पण पाराला फाटक नाही. कोणीही येतं, कोणीही जातं, नोंद काही नाही. ते काही त्यांना रुचलं नाही.

आता वाशिम जिल्ह्यात तेलाची विहीर नाही. आमच्या पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाचा काळा दगड आहे. त्याला बोअर मारला आणि पाणी लागलं तरी लोक नारळ फोडतात. महाराष्ट्राच्या नशिबात जे तेल होतं ते १९७४ साली मुंबईपासून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर, भर समुद्रात सापडलं, आणि समुद्राला फाटक नसल्यामुळे तिथं मामांसारख्यांची काही सोय झाली नाही. आमचं तेल शेंगेत असतं. सोयाबीनच्या दाण्यात अठरा-वीस टक्के तेल निघतं. ते काढायला मनोरा उभारावा लागत नाही, फक्त पाऊस वेळेवर यावा लागतो. अमेरिकेतलं तेल त्या मानानं पुष्कळ सोपं.

पण तेल नाही तर नाही, आम्हाला रस्ता मिळाला. ७०१ किलोमीटरचा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग दहा जिल्ह्यांतून जातो, त्यात आमचे कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव हे तीन तालुके येतात. रस्ता आला म्हणजे कॅम्प आला. कॅम्प म्हणजे क्रशर, बॅचिंग प्लांट, डांबराचा प्लांट, वजनकाटा, डिझेलची टाकी, इंजिनिअर लोकांची पत्र्याची खोपटी आणि या सगळ्याला मिळून एक गेट. एका ठेकेदाराच्या माणसानं मामांना दोनच प्रश्न विचारले. लिहिता येते का? झोप कमी हाये ना? दोन्हींत मामा पहिल्या श्रेणीत पास झाले.

राहायला गेटला लागून एक कंटेनर मिळाला. वीस फूट लांब, आठ फूट रुंद, निळा. एका बाजूला खिडकी कापलेली, तिच्यात खडखड करणारा कूलर. मामा आठवडाभर एकटे राहिले. मग मामी बघायला म्हणून गेल्या आणि तिथंच राहिल्या. कागदोपत्री वाचमन एक होता. प्रत्यक्षात दिवसपाळी मामींची होती आणि ती कुठल्याही मस्टरवर नव्हती. टेक्सासात जोडप्याला जोडप्याचा भाव मिळतो, हे मामींना पुढं कळलं तेव्हा त्यांनी मामांकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर वहीत लिहिण्यासारखी होती.

वही मात्र पाहण्यासारखी. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. अनुक्रमांक, गाडी नंबर, ड्रायव्हरचं नाव, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, माल, कामाचे स्वरूप, सही. मामांचं अक्षर फळ्यावरच्या सुविचारातलं, टपोरं. तीनशे हायवा टिप्परांचे नंबर त्यांनी सुविचार लिहावेत तसे लिहिले आहेत. मामींना डोळ्यांनी कमी दिसायचं, पण कानांनी त्या गाडी ओळखायच्या. भाकर थापता थापता आतूनच ओरडायच्या, “भरेल हाये, गिट्टी हाये,” किंवा “खाली चालला, नंबर तेवढा घ्या.” ड्रायव्हर बहुतेक झारखंड-बिहारकडचे. त्यांच्याशी मामी हिंदीत बोलत. “ए भैया, पहले नंबर बोलो, फिर रामराम करो. हमारी भाकर जल रही है.” पुढं पुढं ती पोरं फाटकाच्या अलीकडूनच नंबर ओरडत यायची.

रबरी नळीच्या जागी काळू होता. काळूला नेमणूकपत्र कुणी दिलं नव्हतं. तो कॅम्पच्या भूमिपूजनाला आला आणि परत गेला नाही. मामांचं म्हणणं असं की तो वाशिमच्या म्हणजे एमएच ३७ पासिंगच्या गाडीला एकदा भुंकायचा आणि बाहेरच्या जिल्ह्याच्या गाडीला तीनदा. अकोल्याच्या एमएच ३० ला किती, असं मी विचारलं. आमचा जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला, म्हणून कुतूहल. मामा म्हणाले, “दोनदा. जुनी ओळख हाये ना.”

गेटवर बसणाऱ्या माणसाच्या हातात काहीच नसतं, आणि सगळ्या जगाला वाटतं की सगळं त्याच्याच हातात आहे. आजूबाजूचे शेतकरी येत. “मामा, आमच्या पांदणीत एक हायवा मुरूम पाडाले सांगा ना. पावसाळ्यात बैलबंडी निघत नाही.” मामा सांगून सांगून थकले की मी मुरूम मोजतो, मुरूम माझा नाही. लोकांचा विश्वास बसेना. एक जण तर मुलीचं स्थळ घेऊन आला. मुलगा कॅम्पात सुपरवायझर होता, तर तो रोज किती वाजता येतो आणि शुद्धीवर येतो की कसा, हे वहीतून काढून द्या म्हणाला. मामांनी वही दाखवली नाही, पण ‘रविवारी मुलगी दाखवू नका’ इतकं सांगितलं.

आणि पुढारी. एकदा रात्री पांढरी फॉर्च्युनर आली. काच अर्धी खाली. आतून आवाज आला, “ओळखलं नाही का?”

“ओळखलं ना साहेब. म्हणून तं नाव विचारून राह्यलो. लिहिण्यात चुकलं तं उद्या तुमचीच माणसं मले बोलतीन.”

साहेबांनी नाव सांगितलं. कामाचे स्वरूप या रकान्यात काय लिहू, असं मामांनी विचारलं तेव्हा गाडीत जरा कुजबुज झाली. शेवटी तिथं ‘सहज’ असं लिहिलं आहे. ती वही पाहिली तर त्या रकान्यात ‘सहज’ हा शब्द पुढंही अधूनमधून येतो. गाड्या बहुतेक पांढऱ्या.

२०२० च्या टाळेबंदीनंतर काम पुन्हा सुरू झालं तेव्हा मामांना ताप मोजायची बंदूक मिळाली. वऱ्हाडातलं उन्हाळ्याचं ऊन काय असतं ते बंदूक बनवणाऱ्याला ठाऊक नसावं. दुपारी दोनला हायवाच्या केबिनमधून जो कोणी उतरेल त्याच्या कपाळावर धरली की लाल दिवा. खुद्द मामांच्या कपाळावर लाल दिवा. कंटेनरच्या दारावर धरून पाहिली, तर आकड्याऐवजी नुसत्या रेघा. ताप असलेल्याला आत सोडायचं नाही असा हुकूम होता आणि तो तंतोतंत पाळला असता तर समृद्धी महामार्ग अजून शेलूबाजारच्या अलीकडंच अडकला असता. मामांनी तोडगा काढला. आधी सावलीत बसायचं, माठातलं पाणी प्यायचं, ओला दुपट्टा कपाळावर दाबायचा आणि मग बंदूक. आकडे असे सुंदर येऊ लागले की साहेब म्हणाले, तुमच्या गेटवरचे रीडिंग सगळ्यांत चांगले आहेत.

चाकावरच्या घराचं मावसभावाला जे अप्रूप आहे त्यावर आमच्या भागातला कुणी फारसा भाळेल असं मला वाटत नाही. पोहरादेवी आमच्याच मानोरा तालुक्यात. बंजारा समाजाची काशी. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून, बायकापोरांसह अख्खा देश पालथा घालणारे तांडे या लोकांचे होते. आणि सुगी संपली की काठेवाडी मेंढपाळ अजूनही येतात. उंटावर उलटी बांधलेली खाट, खाटेच्या चार पायांत एक लेकरू, दोन कोकरं, एक हंडा, आणि मागं मेंढरांचा लोट. टेक्सासात आरव्ही उभी करायला एरवी जागेचं भाडं मोजावं लागतं. गेटवर राहिलं तर ते वाचतं, हा मावसभावाच्या योजनेतला हुकमी मुद्दा होता. काठेवाड्याला तर शेतकरी आपण होऊन बोलावतो, रात्री मेंढरं शेतात बसवतो आणि लेंडीखताच्या बदल्यात वर धान्य मोजून देतो. पार्किंगचे पैसे पार्किंगवाल्याकडून वसूल करणारा हा माणूस कुठल्याही बिझनेस स्कूलला न जाता उंटामागं चालत असतो.

आमच्या घराण्यातही एक आरव्ही होऊन गेली. एका टप्प्याचं काम उरकलं आणि कॅम्प पुढं हलवायचं ठरलं. विहीर खोदून झाली की टेक्सासातलं जोडपं गाडी चालू करतं आणि पुढच्या विहिरीवर जातं. मामांच्या कंटेनरला चाकं नव्हती, पण कॅम्पात हायड्रा क्रेन होती. सकाळी सातला साखळ्या घेऊन माणसं आली. सामान बाहेर काढा म्हणाले. मामी म्हणाल्या, काढणार नाही, मांडायला दोन वर्षं लागली. देवाचा डबा आणि आंब्याच्या लोणच्याची बरणी एवढंच त्यांनी हातात घेतलं. हायड्रावाल्यानं केबिनमधून विचारलं, “मौसी, अंदर कोई है?”

“कोई नहीं है. सिर्फ मेरा संसार है.”

साखळ्या ताणल्या गेल्या. कंटेनर एका कोपऱ्यानं उठला, मग दुसऱ्या. आतून आधी एक ताट घरंगळल्याचा आवाज आला, मग पाच-सहा वाट्या, मग काहीतरी जड, आणि त्याच्यामागून काहीतरी पातळ. मामी डोळे मिटून आवाजांवरून ओळखत होत्या. “पिठाचा डबा गेला. थे तेल सांडलं. रॉकेलचा स्टो... नाही, स्टो वाचला.” गाड्या ओळखायचा कान इथंही कामी आला. कंटेनर ट्रेलरवर बसला, ट्रेलर निघाला, मागून स्प्लेंडरवर मामा, त्यांच्यामागं बरणी मांडीत घेतलेल्या मामी. काळू ट्रेलरवर. तिघांत पाय पसरून बसायला जागा त्यालाच मिळाली. नव्या गेटवर कंटेनर उतरवला तो उलट्या तोंडानं. दार रस्त्याकडं यायच्या ऐवजी शेताकडं गेलं. तो पुन्हा फिरवायला हायड्रा रिकामी होईपर्यंत मामा प्रत्येक गाडीसाठी घराला वळसा घालून पुढं येत होते.

चोवीस तास गेटवरच राहणारा माणूस कामावर असतो की घरी असतो? अमेरिकेत या प्रश्नासाठी मोठा खटला चालला. गेटवर माणसं पुरवणाऱ्या एका कंपनीवर सरकारच्या कामगार खात्यानं साठ लाख डॉलरच्या वर थकीत मजुरी काढली. कंपनी माणसांना दिवसाला शंभर ते पावणेदोनशे डॉलर देत होती. कोर्ट म्हणालं, हे लोक नोकर नाहीतच, स्वतंत्र कंत्राटदार आहेत. प्रकरण अपिलात गेलं आणि २०१५ साली न्यायाधीशांनी सरकारलाच झापलं, कारण खात्याच्या तपासणी अधिकाऱ्यानं जेमतेम तीन मुलाखतींवर निष्कर्ष काढला होता आणि पुरावे नष्ट केले होते. मामांना यातला कायदा पटला नाही, पण तपासाची पद्धत ओळखीची वाटली. दिवसाचे डॉलर ऐकून मात्र ते थोडा वेळ खर्रा चघळायचे थांबले. त्यांना महिन्याला हातात पडायचे तेवढे तिकडं जवळजवळ एका दिवसात. “आणि काम करते का घरी बसते, हे कोर्टाले काहून विचारलं?” मामी म्हणाल्या. “माह्याकडं यायचं होतं.”

आपल्याकडंही खासगी सुरक्षारक्षकांसाठी कायदा आहे, २००५ चा. त्याखाली केंद्रानं २००६ मध्ये नमुना नियम काढले. त्यांत शंभर तास वर्गात आणि साठ तास मैदानात प्रशिक्षण आहे. पुरुष रक्षकाची उंची १६० सेंटिमीटर, छाती ८० सेंटिमीटर, फुगवल्यावर चार सेंटिमीटर जास्त, आणि एक किलोमीटर सहा मिनिटांत धावता आलं पाहिजे. मी हे मामांना वाचून दाखवलं. छातीचं ते म्हणाले, खोकला आला की होते आपोआप. धावण्याचं ऐकून मात्र त्यांना खरोखर राग आला. “चोराच्या मांगं मी किलोमीटर पळत जाऊ? आन् गेटवर कोण बसन, चोर?”

११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा रस्ता पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाला. कॅम्प गुंडाळला गेला, वह्या कुठल्या तरी ऑफिसात गेल्या, कंटेनर परत गेला, काळू घरी आला. मामा पुन्हा पाराला लागले. ५ जून २०२५ ला इगतपुरीच्या पुढचा शेवटचा तुकडा सुरू झाल्याची बातमी टीव्हीवर लागली आणि त्यांना एकदम वाटलं, आपण गिट्टी मोजली तो रस्ता आपण अजून पाहिलाच नाही. धुतलेला सदरा घातला, स्प्लेंडरला किक मारली आणि शेलूबाजारच्या इंटरचेंजला गेले. तिथं बूमच्या आधीच एका तरण्या गार्डनं हात आडवा केला. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. ताशी १२० ची गाडी आणि मामांची स्प्लेंडर एका रस्त्यावर नकोत, हे शहाणपणाचंच आहे, पण सहा पदरी रस्ता बांधताना नंबर लिहिणाऱ्याला हे कोणी सांगितलं नव्हतं.

पोरगा निघाला मामांच्याच शाळेतला. त्यानं ओळखलं, पाया पडला, आणि हात आडवाच ठेवला.

मामा चिडले नाहीत. त्यांनी आधी गेट नीट पाहून घेतलं. बूमचा रंग, खुर्ची, पाण्याचा माठ कुठं ठेवला आहे ते. मग विचारलं, “वही कुठी हाये तुही?”

“वही नसते मामा. वर कॅमेरा हाये. नंबर थोच घेते. पैसे फास्टॅगमधून कटते. गेट आपोआप उघडते.”

“मंग तू अठी कायले बसला?”

“टू-व्हीलरवाल्यायले वापस पाठवाले,” पोरगा म्हणाला. “शाळेत उशीर झाला की तुम्ही नव्हते का पाठवत मले?”